वरच्या मॉडेलचं इंजिन

मकसूद मूळचा नांदेडच्या इतवाऱ्यातला. बाप गाद्या भरायचा. कापूस पिंजून पिंजून बापाची छाती धरली, तशी आईनं पोराला बजावलं की दुसरं काहीही शीक, पण हे काम हातात घेऊ नको. मग तो देगलूर नाक्यावर एका गॅरेजात राहिला, हात काळे करून घेतले, आणि मामाच्या ओळखीनं पुढं कुवेतला गेला. तिथल्या गॅरेजात जास्तीत जास्त काम एकाच जपानी गाडीचं यायचं. दोन दारांची, बुटकी, नाकानं रस्ता हुंगत चालल्यासारखी. बड्या घरची पोरं ती घ्यायची, कुठंतरी आपटायची आणि गॅरेजात आणून टाकायची.

त्या गाडीचा पत्रा एक, पण आतून गाड्या तीन. खालच्या मॉडेलला साधं इंजिन, शंभर घोड्यांच्याही आतलं. मधल्याला सोळा व्हॉल्व्हचं, सव्वाशेच्या वरचं. आणि सगळ्यात वरच्या मॉडेलला टर्बो, दोनशेला टेकलेलं. नुसतं इंजिनच वेगळं नव्हे; गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, इंजिन पेलणारा पुढचा आडवा दांडा, सगळंच त्या त्या ताकदीच्या बेतानं केलेलं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र फरक एवढाच दिसायचा, की वरच्या मॉडेलच्या पाठीवर 'टर्बो' लिहिलेली एक रुपेरी पट्टी असायची.

मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि मकसूद अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला. वाळवंटातून बस, मग विमान, मग मुंबई, मग नांदेड. बायकोनं, बेगमबीनं, दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "आता कुठंच जाऊ नका, अजी." पण घर चालवायला कुठंतरी जाणं भाग होतं. तिचा भाऊ लातूरला गुंडप्पाशेठच्या दाळमिलमध्ये ट्रक चालवायचा. त्यानं शब्द टाकला, आणि मकसूद बायकोला घेऊन लातूरला मिलच्या मागच्या खोलीत राहायला गेला. मिलच्या ट्रकांची आणि जीपची दुरुस्ती, आणि गरज पडेल तेव्हा गाडी चालवणं, हे त्याचं काम.

गुंडप्पाशेठ म्हणजे आडवातिडवा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की मिलच्या गिरण्या चालू असतानाही फाटकापर्यंत ऐकू यावा. बायको लवकर गेलेली. मुलगा पंचाक्षरी हिशोबी, कमी बोलणारा. शेठचा सगळा जीव मुलीवर, जगदेवीवर. तिला किल्लारीच्या पलीकडं, तेरणेकाठच्या एका गावात दिलेली. घर मोठं, दगडी, पन्नास माणसं जेवून उठतील असं. ती माहेरी यायची म्हटली की शेठ सकाळपासून फाटकावर खुर्ची टाकून बसायचे.

एक दिवस शेठ मुंबईहून आले ते एक लाल गाडी घेऊनच. कुवेतहून परतलेल्या कुणाची तरी, असं दलालानं सांगितलेलं. मकसूदनं ती फाटकातून आत येताना पाहिली आणि त्याला हसूच फुटलं. ज्या गाडीपायी त्यानं दुसऱ्याच्या मुलखात हात भाजून घेतले होते, ती लातूरला येऊन त्याच्या दारात उभी! चाक डाव्या हाताला, दारं दोनच, पाठीवर रुपेरी पट्टी. शेठ खाली उतरून म्हणाले, "मकसूद, दोनशे घोडे हायत बघ. सगळ्यात वरचं मॉडेल."

दुसऱ्या दिवशी बोनेट उघडून त्यानं आत पाहिलं आणि शेठला एकट्याला बाजूला बोलावलं.

"शेठ, ही टर्बो न्हाई. सगळ्यात खालचं मॉडेल हाय. पट्टी तेवढी वरच्याची लावली."

शेठनी आत वाकून पाहिलं, जणू त्यांनाही कळणार होतं. "नीट बघितलास?"

"हाव. टर्बो असतं तर ह्या इथं असतं. इथं काहीच न्हाई. परत द्या शेठ, दलाल वळखीचा असंल तर."

परत कशी देणार? आदल्याच संध्याकाळी शेठनी गंजगोलाईला चक्कर मारली होती. आडतीवरचे सगळे उठून बाहेर आले होते, दोनशे घोड्यांचं कौतुक चहाबरोबर सगळीकडं फिरून आलं होतं. आता कोणत्या तोंडानं सांगायचं की मुंबईच्या माणसानं आपल्याला गंडवलं? शेठनी हळूच बोनेट खाली केलं. "हे तुझ्या-माझ्यातच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

राहू दिलं. तसं त्यात कुणाचं बिघडणारही नव्हतं. लातूरच्या रस्त्यावर शंभर घोडेही कुठं मोकळे सुटणार होते? पुढं पुढं तर शेठ स्वतःच विसरल्यासारखे झाले. कुणी पाहुणा आला की मकसूदला हाक मारायचे, "सांग रं ह्यांना, किती घोडे?" आणि मकसूद मान खाली घालून म्हणायचा, "लई हायत."

जगदेवी पहिल्यांदा त्या गाडीत बसली ती बाळंतपणाला आली तेव्हा. मागच्या सीटवर जायला पुढची सीट दुमडावी लागायची. ती पोट सांभाळत अर्धी आत गेली, अडकली, आणि हसत सुटली. "अप्पा, इथं मांजरबी नीट बसायची न्हाई. एवढा पैसा घालून दारं दोनच आणलाव?" मग पुढं येऊन बसली आणि मकसूदला म्हणाली, "मकसूदभाई, हळू हं. माझ्यासंगट आणि एकजण हाय." तिला मुलगी झाली. नाव वर्षाराणी ठेवलं. सव्वा महिन्यानं मायलेकींना सासरी सोडायला मकसूदच गेला, पण जीप घेऊन. त्या गावाला जायला लामजन्यापुढं रस्ता खराब होता, ही गाडी तिथं पोट घासून चालली असती.

नंतर दोन वर्षांनी, गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली.

लातूरमध्ये भिंतींना तडे गेले, भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली. उजाडेपर्यंत कुणालाच काही कळलं नव्हतं. मग औशाकडून येणारे लोक सांगू लागले की किल्लारी राहिली नाही. शेठ फाटकाशी अनवाणी उभे होते. कपाळ कोरं. मकसूदनं त्यांना विभूतीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. जीप पंचाक्षरी सोलापूरला घेऊन गेलेला. ट्रकवाले विसर्जनासाठी आपापल्या गावी. मिलमध्ये चालती गाडी एकच होती.

"लाल काढ," शेठ म्हणाले. "तीच सगळ्यात जोराची हाय."

मकसूद म्हणणार होता की शेठ, थांबा, शेजारच्या मिलची जीप मागून आणतो. शब्द तोंडापर्यंत आले. पण शेठ दार उघडून आत बसलेही होते.

औशापर्यंत रस्ता मोकळा होता. मकसूदनं पाय तळाला टेकवला. इंजिन होतं तेवढं सगळं देत होतं, बोनेट थरथरत होतं, आणि शेठ डॅशबोर्डवर मुठी आपटत होते.

"दाब की रं! बैलगाडी हाकालास का?"

"पूर्ण दाबलाय, शेठ."

"दोनशे घोडे कुठं गेले मग?"

मकसूदनं त्यांच्याकडं पाहिलं. माणूस खरंच विसरला होता की काय, त्याला कळेना. त्यानं नुसतं "या अल्लाह" म्हटलं आणि समोर बघत राहिला.

औशाच्या पुढं मात्र सगळा रस्ता भरून गेला. तिकडं धावणारे आणि तिकडून परत येणारे एकात एक गुंतले होते. बैलगाड्या, सायकली, टेम्पो, खांद्यावर मूल घेतलेली माणसं. कुणाच्या अंगावर एवढा धुरळा की केसाचा रंग कळू नये. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. मकसूद पहिल्या गिअरमध्ये सरकत राहिला. लामजन्यापुढं खड्डे लागले आणि गाडी खाली टेकू लागली. प्रत्येक टेकण्याला शेठ आपल्याच पायाला लागल्यासारखे अंग चोरायचे.

गाव दिसलंच नाही. दगडांचा आणि मातीचा एक लांबलचक ढीग, त्यात मधूनच उभी राहिलेली एखादी चौकट. दगडी भिंती आणि वर मातीचं धाबं, सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं होतं. एका लिंबाखाली काही माणसं निजवलेली होती. त्यातल्या कुठल्या अंगावर चादर तोंडापर्यंत ओढायची आणि कुठल्या नाही, हे गावकऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. जगदेवीच्या तोंडावर चादर नव्हती. कमरेपासून खाली ती हलत नव्हती. तिची सासू शेजारी बसून नातीला मांडीवर हलवत होती. जगदेवीचा नवरा अजून आतच होता.

"अप्पा," जगदेवी म्हणाली. मग मकसूदकडं बघून म्हणाली, "भाई, पाणी."

मकसूदनं रुमाल ओला करून तिच्या ओठावर धरला. मग शेठनी, त्यानं आणि दोन गावकऱ्यांनी तिला चादरीसकट उचललं आणि गाडीपाशी आणलं.

पुढं काय झालं ते मकसूदनं आयुष्यात कुणाला पूर्ण सांगितलं नाही, बेगमबीलाही नाही. ती गाडी झोपलेल्या माणसासाठी केलेलीच नव्हती. दार लांब, पण छत बुटकं. मागच्या सीटवर तर प्रश्नच नव्हता. पुढची सीट जेवढी मागं पडते तेवढी पाडली आणि तिला आत सरकवायला गेले, तर ती अशी ओरडली की एका गावकऱ्यानं चादरीचं टोक सोडूनच दिलं. पुन्हा धरलं. एकदा पायाकडून, एकदा डोक्याकडून. शेवटी ती अर्धवट बसलेली, अर्धवट आडवी अशी राहिली. घाम आणि माती एक झालेली. शेठ मागच्या फटीत नातीला घेऊन कसेबसे दुमडून बसले आणि मागूनच त्यांनी लेकीचं डोकं हातात धरलं.

गावाबाहेर ओढा होता. येताना तो मकसूदनं दगड बघून बघून पार केला होता. जाताना गाडीत माणसं जास्त, पोट आणखी खाली आलेलं. पाण्याच्या मधोमध खालून एक कर्कश आवाज आला. मकसूदला तो आवाज कळला. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर दगडावर फुटलं होतं. तरी त्यानं काठापर्यंत गाडी ओढली. पाठीमागं पाण्यावर तेलाचा काळा पट्टा पसरत गेला. काठ चढून थोडं पुढं आल्यावर इंजिन एकदा खडखडलं आणि जाम झालं.

"काय झालं?" शेठ मागून म्हणाले. "चालू कर."

"होणार न्हाई, शेठ. तेल गेलं."

"चालू कर म्हणलं ना!"

मकसूदनं चावी फिरवली. फिरवत राहिला. होणार नाही हे त्याला माहीत होतं. पण मागं बाप बसलेला, शेजारी लेक कण्हत असलेली, आणि हातात दुसरं काही नसताना माणूस चावी फिरवत राहतो.

बऱ्याच वेळानं एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत आधीच माणसं दाटीनं निजवलेली. त्यांनी सरकून जागा केली. जगदेवीला पुन्हा बाहेर काढावं लागलं. ह्या वेळी ती ओरडली नाही, आणि मकसूदला तेच जास्त लागलं. शेठ तिच्या उशाशी बसले. मकसूद पोरीला कवटाळून पुढं ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसला. मागून शेठ ओरडत होते, "हळू घे रं बाबा, हळू." खड्डा आला की, "हळू." लामजना मागं पडलं आणि ते ओरडणं थांबलं. मकसूदनं मागं वळून पाहिलं नाही. पोरगी त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती.

*

जगदेवीचं क्रियाकर्म उरकल्यावर शेठ मिलमध्ये आले. ओढून आणलेली लाल गाडी शेडमध्ये उभी होती. तिच्याकडं बघत ते म्हणाले, "मकसूद, हिच्यात टर्बोचं इंजिन बसव."

मकसूदला वाटलं, दुःखात बोलालेत. पण शेठ रोज तेच बोलू लागले.

"शेठ, टर्बो असती तरी चेंबर तेवढंच खाली असतं. वढ्यातच फुटलं असतं."

"टर्बो असती तर आपण आधी पोचलो असतो. वढ्यात पानी कमी असतं. ट्रॅक्टर लवकर घावला असता."

"औशापुढं रस्ताच नव्हता, शेठ. हेलिकॉप्टरच पायजे होतं."

"मी फसलो," शेठ म्हणायचे. "मला फसवलं आन मी लाजंपायी गाडी ठिवून घेतलो. तू सांगितला होतास. मी ऐकलो न्हाई."

औशापर्यंत रस्ता मोकळा होता हे खरंच होतं. तिथवर इंजिन कमी पडलं हेही खरंच होतं. मकसूद रात्री अंथरुणावर पडून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालवायचा, आणि औशापुढं येऊन अडकायचा. त्याला शेठला ठामपणे नाही म्हणता येत नसे. आणि त्याच्या मनात दुसरंच काही खुपायचं: शेजारच्या मिलची जीप.

बेगमबी म्हणायची, "चला नांदेडला. हा माणूस तुम्हाला पण खाऊन टाकंल."

"कसं जाऊ?" मकसूद म्हणायचा. "त्याच्यासंग मीच होतो."

वर्षं गेली. लातूर ओळखू येईना असं बदललं. भूकंपानंतर बाहेरून माणसं आली, पैसा आला, पुन्हा घरं उठली. पण खरं बदललं ते पोरांमुळं. लातूरची पोरं बोर्डात चमकली आणि सगळ्या महाराष्ट्रातून आईबाप आपापली पोरं आणून इथं सोडू लागले. नायगाव, भोकर, मुदखेडपासून ते पार कोकणातून. गल्लोगल्ली क्लास निघाले. चौकाचौकात मार्कांसकट पोरांचे फोटो लागले. पंचाक्षरीनं हवा ओळखली. त्यानं दाळमिल बंद केली, गोदामात भिंती घातल्या आणि वसतिगृह केलं. जिथं तुरीची पोती रचलेली असायची तिथं आता खाटा आल्या आणि खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पाठ करणारी पोरं आली. मकसूद ट्रक सोडून मेसची गाडी चालवू लागला.

लाल गाडीच्या शेडला मात्र कुणी हात लावला नाही. शेठनी मकसूदला कुठं कुठं पाठवलं! मुंबईच्या भंगार बाजारात, पुण्याला, सोलापूरला. अखेर हैदराबादला एका आपटलेल्या गाडीचं टर्बो इंजिन मिळालं. ते टेम्पोतून आलं त्या दिवशी शेठनी इंजिनाला हार घातला.

बसवणं सोपं नव्हतं. एकटं इंजिन येऊन भागत नाही. त्याच्या ताकदीचं बाकीचं सगळं लागतं. गिअरबॉक्स जुळेना, वायरिंग जुळेना, आडवा दांडा कापून वेल्डिंग करून नवा करावा लागला. कुवेतला असं काम कुणी सुचवलं असतं तर मालकानं हाकलून लावलं असतं. मकसूद करत राहिला. मेसची गाडी लावून आला की शेडमध्ये. कधी सुटा भाग मिळायला वर्ष जायचं. त्याच्या दाढीत पांढरं आलं. शेठ खुर्ची टाकून समोर बसायचे आणि बघत राहायचे.

वर्षाराणी ह्या सगळ्यात मोठी झाली. बापही त्याच ढिगाऱ्यात गेलेला, म्हणून ती आज्जाकडंच वाढली, मकसूदला चाचा म्हणायची. ती डॉक्टर होणार हे ती पाटी धरायच्या आधीपासून ठरलेलं. तिच्या आईला वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, म्हणून. बारावीला तिनं मेडिकलची परीक्षा दिली, नंबर लागला नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा दिली. दुसऱ्यांदा निकाल आला त्या दुपारी ती शेडमध्ये येऊन एका जुन्या टायरवर बसली. मकसूद गाडीखाली होता.

"चाचा, न्हाई लागला."

तो बाहेर सरकला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती थकून गेली होती.

"आज्जा म्हणालेत, पुन्हा बस. मला जमत न्हाई चाचा. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री पेपर. सगळं डोक्यात जातंय आन तिथंच सांडतंय." मग थोडं थांबून म्हणाली, "एक विचारू? ह्या गाडीला हे इंजिन असतं तर आई वाचली असती?"

एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. मकसूदनं हात पुसले. पुसत राहिला.

"औशापर्यंत थोडं आधी गेलो असतो," तो म्हणाला. "पुढं न्हाई. पुढं कुठलंच इंजिन उपयोगाचं नव्हतं, बेटा."

"मग आज्जाला सांगत का न्हाई तुम्ही?"

"लई बार सांगितलं."

"पुन्हा एकदा सांगा. माझ्यासाठी सांगा. त्येंचं ते सुटलं तर माझं बी सुटंल."

पोरीनं आयुष्यात त्याच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. मकसूद हो म्हणाला.

दिवाळीच्या आसपास इंजिन सुरू झालं. शेड हादरली, पोरं खिडक्यांतून डोकावली. शेठ आता काठीशिवाय चालत नव्हते. मकसूदनं त्यांना धरून गाडीत बसवलं, तेव्हा लक्षात आलं की माणूस निम्मा झाला आहे.

"कुठं जायचं, शेठ?"

"तिथंच."

रस्ता आता रुंद झालेला. औशापर्यंत मकसूदनं एकदाच पाय दाबला. टर्बोनं शिट्टी घातली आणि गाडी अशी सुटली की शेठची पाठ सीटला चिकटली. मकसूदलाच भीती वाटली, त्यानं पाय काढला. शेठ म्हणाले, "बघ. बघितलास?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. औसा आलं, गेलं. लामजना आलं, गेलं. ओढ्यावर पूल झालेला.

नवं गाव सरकारनं जुन्या जागेच्या अलीकडं वसवलेलं, रांगेतली सिमेंटची घरं. शेठनी तिकडं बघितलंही नाही. जुन्या गावच्या जागी काटेरी बाभळी माजल्या होत्या. मकसूदनं गाडी थांबवली. खाली उतरायला काही नव्हतं. कुठं घर होतं, कुठं लिंब होता, काही कळत नव्हतं. एक बाई शेळ्या चारत होती, ती लाल गाडीकडं बघत उभी राहिली.

"शेठ," मकसूद म्हणाला. त्यानं हे मनात किती वेळा घोळवलं होतं. "आज रस्ता हाय म्हणून आलो. त्या दिवशी रस्ता नव्हता. हे इंजिन असतं तरी जगदेवीबाई... तुमची काही चूक न्हाई. आन चूक असंल तर माझी. मी शेजारची जीप मागून आणायला पाहिजे होती. मला सुचलं होतं, मी बोललो न्हाई."

शेठ समोर बघत होते.

"जीप," ते म्हणाले. "जीप असती तर."

मकसूद त्यांचं ओझं उतरवायला गेला आणि आणखी एक हातात दिलं.

"न्हाई शेठ, जीपनंबी... दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, ती आतून..." तो बोलत राहिला. वर्षाराणीचं बोलला, पोरीला सोडा म्हणाला, तिला जमत न्हाई, तिचा जीव कोंडून राहिलाय म्हणाला. शेठनी त्याच्या हातावर हात ठेवला, फार मायेनं, आणि म्हणाले, "ती डॉक्टर होणार, मकसूद. ह्या खेपंला होणार. चल आता."

येताना मकसूदनं गाडी हळूच चालवली. शेठ झोपून गेले. वर्षाराणी फाटकात उभी होती. तिनं चाचाच्या चेहऱ्याकडं एकदाच पाहिलं आणि आत निघून गेली.

ती तिसऱ्यांदा बसली. शेठ तोवर अंथरुणाला खिळले होते. ती त्यांच्या उशाशी पुस्तक घेऊन बसायची, ते डोळे मिटून तिचं पुटपुटणं ऐकायचे. निकाल लागायच्या आधीच ते गेले. नंबर लागला असता तर त्यांना कळलं नसतं, लागला नाही तेही कळलं नाही. शेठना माती द्यायला मकसूदही गेला होता. खड्ड्यात मूठ टाकताना त्याला एकदम वाटलं की आता तो दिवस पूर्णपणे आठवणारा आपण एकटाच उरलो.

पंचाक्षरीनं गाडी एका क्लासवाल्याला देऊन टाकली. त्यानं ती रंगवून क्लासच्या दारात उभी केली. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस, असा बोर्ड लावला. कुणाला मिळाली, मिळाली की नाही, मकसूदनं चौकशी केली नाही. त्यानं आणि बेगमबीनं सामान बांधलं आणि नांदेडला परत आले. देगलूर नाक्यावर त्यानं ॲटोरिक्षा दुरुस्तीचं दुकान टाकलं. ओळखीचे लोक विचारायचे, एवढी मोठी गाडी केलास, आता तीन चाकांवर आलास? तो हसून म्हणायचा, "ह्यात बसायला जागा तरी हाय."

वर्षाराणी फिजिओथेरपी शिकली. तिला ते जमलं. नोकरीही नांदेडलाच लागली. शुक्रवारी सुट्टी असली की ती घरी येते, कारण बेगमबीचे गुडघे गेले आहेत. त्या दिवसाविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही. मकसूदलाही तो विषय काढायचा धीर झाला नाही. कधी कधी तिच्याकडं बघताना ती ट्रॉली त्याच्या डोळ्यांपुढं येते, आणि मग तो काहीतरी निमित्त करून बाहेर जातो.

"चाची, ढिला सोडा पाय. घट्ट धरू नका."

"अगं मारून टाकशील मला! अजी, बघा की हिला!"

"चाचा, आत या," वर्षाराणी आतून म्हणते. "चाचींची टाच धरा जरा. वर उचलू नका. नुसती धरून ऱ्हावा."

मकसूद चहाचा कप खाली ठेवतो, आत येऊन सतरंजीवर बसतो आणि दोन्ही हातांनी टाच धरतो. बेगमबी ओरडत राहते. पोरगी गुडघा हळूहळू वाकवत जाते, आणि तो ती सांगेल तेवढा वेळ धरून राहतो.